पाठमोरे फाटकघर

घराची पुढची बाजू कोणती हे ठरवायला सहसा विद्वत्ता लागत नाही. दार जिकडे, ती पुढची बाजू. एस्टरली पार्क या जुन्या इस्टेटीच्या दक्षिण फाटकावरच्या घराला हा साधा नियम लावायला गेलेला माणूस मात्र तोंडघशी पडतो. एका वर्षीच्या वसंतात मी स्वतः तसा पडलो, आणि त्यातून सावरलो की नाही याविषयी माझे अजून निश्चित मत झालेले नाही.

रस्त्यावर उभे राहून इस्टेटीतल्या हवेलीकडे तोंड केले, की फाटक डाव्या हाताला येते आणि घर उजव्या हाताला. फाटकातून निघालेला गाडीरस्ता घराच्या डाव्या भिंतीला खेटून, लिंडनच्या उंच झाडांमधून हवेलीकडे जातो. आता फाटकघर बांधतात ते कशासाठी? येणारी गाडी राखणदाराला दिसावी आणि त्याने वेळेवर उठून फाटक उघडावे, यासाठी. कोणाही शहाण्या माणसाने अशा घराची मुख्य खिडकी गाडीरस्त्याकडे ठेवली असती. येथे गाडीरस्त्याकडच्या भिंतीत आहे काय? कोळसा टाकायचे तोंड, कोठीची मुकी भिंत आणि एक खोटी खिडकी. तिची दगडी चौकट खरी आहे. आत मात्र काच नसून गिलावा आहे, आणि त्या गिलाव्यावर चार काचा व अर्धवट सारलेला एक पडदा रंगवलेला आहे. उलट उजवीकडे, जिथे घरात राहणाऱ्या मिस हेस्टर टॅपसेल यांचा भाजीचा मळा आहे आणि कोंबड्यांखेरीज कोणाची ये-जा नाही, तिकडे सगळा थाट! भिंतीतून पुढे आलेली तिमुखी खिडकी, बसायच्या बाकासह दगडी पोर्च, छपराच्या कडेला कोरीव फळी आणि तिच्याखाली हवेलीच्या घराण्याचे बगळ्याचे चिन्ह. छपरावर पिळदार विटांची तीन धुराडी आहेत. त्यांपैकी धूर एकाच्याच वाट्याला आला. उरलेली दोन वाटसरूंनी पाहून खूश व्हावे म्हणून.

सारांश, हे घर फाटकाकडे पाठ करून बसले आहे. दीडशेहून अधिक वर्षे ते तसे बसले होते आणि त्याबद्दल कोणी त्याला जाब विचारला नव्हता. तो विचारला मिस्टर जाइल्स केनवर्दी यांनी.

केनवर्दींनी न्हाणीघरांच्या फरशांच्या धंद्यात पैसा केला आणि हवेलीसकट एस्टरली पार्क विकत घेतले. माणूस उमदा, बोलायला गोड, आणि नव्याने धर्मांतर केलेल्याच्या निष्ठेने जुन्या वस्तूंवर प्रेम करणारा. मी आयुष्यभर जुनी चर्चे आणि जुनी घरे मोजून त्यांचे नकाशे काढले आहेत. निवृत्तीनंतर गावातच राहतो, हे कळल्यावर त्यांनी मला फाटकाशी बोलावून घेतले.

"मिस्टर पेनफोल्ड, हे घर नीट बघा," ते म्हणाले. "मी आलो त्या दिवसापासून मला टोचतंय. खिडकी तिकडे, पोर्च तिकडे, बगळा तिकडे. मग मूळ रस्ता कुठून गेला असेल?"

"तिकडून गेला असावा, असा तर्क कोणीही करील," मी सावधपणे म्हणालो.

"झालं तर! मूळ रस्ता उजवीकडून होता. पुढे कुणा आळशी कारभाऱ्यानं तो इकडे वळवला. मला तो परत जिथल्या तिथं आणायचाय. बायकोचा तर जीव अडकलाय त्याच्यात. गाडी वळली, की समोर ती खिडकी, तो बगळा!"

"आणि मागचं स्वयंपाकघर?"

घराच्या मागच्या उजव्या कोपऱ्याला विटांचे एक बुटके स्वयंपाकघर जोडलेले आहे. केनवर्दींचा रस्ता नेमका त्याच्या अंगावरून जात होता.

"ते मागाहून चिकटवलेलं आहे, तुम्हीच म्हणाल. त्याला कसला आलाय इतिहास?"

इतिहास नव्हता हे खरे. पण घरातला एकुलता नळ त्यात होता, एकुलती चूल त्यात होती, आणि पडद्याआड न्हाणीचा टब होता. मिस टॅपसेल त्या घरात जन्मल्या. त्यांचे वडील आणि आजोबा त्या फाटकाचे राखणदार. जुन्या मालकांनी त्यांना हयातभर राहण्याचा हक्क दिला होता, तो केनवर्दी मोडू शकत नव्हते आणि मोडू इच्छितही नव्हते. मात्र स्वयंपाकघर पाडले तर उरणार होत्या पाण्याविना दोन खोल्या आणि एक कोठी. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईने तिथे राहायचे कसे? जवळच्या लडलो गावातल्या वृद्धाश्रमात एक चांगली खोली आपण स्वखर्चाने बघून ठेवली आहे, असे केनवर्दींनी मला सांगितले, आणि ते सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर प्रामाणिक कळकळ होती. दुष्ट माणसाशी वाद घालणे त्या मानाने सोपे असते.

एक अडचण त्यांच्यापुढे होती. घर सरकारी संरक्षणाखाली असल्यामुळे एक वीट हलवायची तरी जिल्हा परिषदेची परवानगी लागे, आणि मूळ रस्ता उजवीकडून होता असे दिसले तरच ती मिळण्यासारखी होती. त्यासाठी त्यांना माझे मत हवे होते. मी मत देण्याचे कबूल केले, पण ते कोणाच्याही बाजूने झुकवून देणार नाही, हेही बजावले.

"तेच तर हवंय!" केनवर्दी म्हणाले आणि त्यांनी माझा हात जोरात हलवला.

त्याच दुपारी मी मोजपट्टी घेऊन मिस टॅपसेल यांच्याकडे गेलो. मी चर्चच्या गायनवृंदात बेसूर गाणारा मुलगा होतो तेव्हापासून त्या मला ओळखतात, आणि माझे वय त्यानंतर वाढले आहे हे त्यांनी कधी मान्य केलेले नाही.

"ये, ऑब्री. तो कोट अजून मेला नाही वाटतं?"

"उत्तम लोकरीचा आहे, मिस टॅपसेल."

"मेंढीला परत दे. तिला वाईट वाटत असेल. पाय पूस आणि बस."

आम्ही अर्थातच स्वयंपाकघरात बसलो. त्यांनी शहाजिऱ्याचा केक कापला, चहा ओतला. मी कशासाठी आलो हे त्यांना ठाऊक होते. एस्टरलीत कोणाला काय ठाऊक नसते?

"मी हे काम नाकारू शकतो," मी म्हणालो.

"मग तो बर्मिंगहॅमहून कुणीतरी आणील टाय लावलेला. नको. तूच कर. निदान तू पाय पुसतोस."

"माझ्या मतामुळे तुमचं स्वयंपाकघर जाऊ शकतं."

"खरं असेल ते लिही."

"खरं काय आहे तेच तर कळत नाही! तुम्हाला काय वाटतं, रस्ता कुठून होता?"

मिस टॅपसेल यांनी कप खाली ठेवला आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला धडकीच भरली.

"इकडूनच की! खिडकीखालून. लेडी ऑगस्टा लग्न होऊन हवेलीत आली ना, तेव्हा माझी आजी तिमुखी खिडकीत बसली होती, माझ्या बापाला मांडीवर घेऊन. तान्हा होता तो. पांढरे घोडे, उघडी गाडी. इतक्या जवळून गेली की तिचा तो लग्नाचा जाळीदार बुरखा काचेला घासला. आणि लेडी ऑगस्टानं आत बघितलं, ऑब्री. आजीकडे बघून हसली. अख्ख्या गावात हसली ती आजीकडेच."

ही कथा मी पूर्वी ऐकली होती. गावात ती न ऐकलेला माणूस नव्हता. पण ती साक्ष म्हणून मी कधी ऐकली नव्हती.

"ही गोष्ट तुम्ही परिषदेच्या लोकांना सांगणार?"

"विचारलं तर सांगीन. का? खोटी आहे होय?"

"तुम्हाला कळतंय ना, हिच्यामुळे तुमचं—"

"मी म्हातारी झाले, ऑब्री, खुळी नाही झाले. केक खा."

त्या स्वतःच्या घराविरुद्ध साक्ष द्यायला निघाल्या होत्या, आणि तीही अभिमानाने. मी केक खाल्ला.

पुढच्या दिवसांत मी ते घर इंचाइंचाने मोजले आणि ट्रेसिंगच्या कागदावर त्याचा नकाशा उतरवला. जसजसा नकाशा स्पष्ट होत गेला तसतसा मी अस्पष्ट होत गेलो. घराचा दगड एक गोष्ट सांगत होता आणि जमीन दुसरी. मळ्यात मी तीन ठिकाणी खणले. वर्षानुवर्षे गाड्यांची चाके फिरलेल्या जमिनीत खाली खडी लागते, निदान दाबलेला मुरूम लागतो. येथे फावडे लोण्यात गेल्यासारखे गेले. गुडघाभर काळी माती, तिच्यात फुटक्या चिनी मातीच्या बशा आणि कोणाची तरी चिलीम. म्हणजे रस्ता नव्हता. पण याच मळ्यात तीन पिढ्यांनी बटाटे लावले. बटाटे लावणारा माणूस खडी तशीच ठेवतो का? वेचून कुंपणाशी टाकतो. कुंपणाशी पाहिले तर खडीचा ढीग होता. म्हणजे रस्ता होता! परंतु एस्टरलीच्या कोणत्याही मळ्याच्या कुंपणाशी तसा ढीग असतोच, कारण आमची जमीनच तसल्या दगडांची.

फाटकाच्या खांबांनीही मला दगा दिला. ते आज जिथे आहेत तिथेच पहिल्यापासून असावेत, इतके खोल रुतलेले आहेत. तरी त्यांतल्या एकाचा पाया दुसऱ्याहून वेगळ्या चुन्याचा निघाला. एखादा खांब कधीतरी हलवला असेल? की नुसता डागडुजीचा चुना? रात्री झोपण्यापूर्वी माझे मत एक असे आणि सकाळी दाढी करताना दुसरे. चाळीस वर्षे मी इतरांच्या अनुमानांतल्या भेगा दाखवत आलो. या घरात मला एकही अनुमान असे सापडेना की ज्याला भेग नाही.

शेवटी मी उत्तर फाटकावर गेलो. इस्टेटीला दोन फाटके आहेत. उत्तरेकडचे गावापासून दूर, डोंगराच्या बाजूला. तिथल्या फाटकघरात हल्ली एक मेंढपाळ लोकर आणि औषधाचे डबे ठेवतो. दोन्ही घरे एकाच वेळची आणि एकाच हातची आहेत हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून तर ती दोन्ही एकदम पाहायला कोणी गेले नव्हते.

रस्त्यावर उभा राहिलो. येथेही फाटक डावीकडे, घर उजवीकडे. पण येथे तिमुखी खिडकी डावीकडे होती, थेट गाडीरस्त्यावर. पोर्च गाडीरस्त्यावर, बगळा गाडीरस्त्यावर. कोळशाचे तोंड आणि खोटी खिडकी पलीकडे, खाजऱ्या रानझुडपांत. जिथे जे असावे तिथे ते होते. इतके की मला क्षणभर ते घर चुकीचे वाटले.

मी खिशातून दक्षिणेकडच्या घराचा नकाशा काढला आणि तो या घराशी ताडून पाहू लागलो. एकही भिंत जुळेना. जिना उजवीकडे वळायचा तो डावीकडे वळला, दारांच्या बिजागऱ्या विरुद्ध अंगाला. आपण नकाशाच चुकीचा काढला, अशी माझी खात्री होत चालली होती. तेवढ्यात वारा आला, कागद हातातून सुटला आणि पोर्चच्या बाकावर पालथा पडला. आरपार दिसणाऱ्या त्या कागदाच्या मागच्या बाजूने, प्रत्येक भिंत, प्रत्येक पायरी, प्रत्येक चौकट जागच्या जागी बसलेली होती. दक्षिणेचे घर हे उत्तरेच्या घराचे आरशातले रूप होते.

मी मेंढपाळाच्या बाकावर बसलो आणि, लिहायला संकोच वाटतो, मोठ्याने हसलो. आता सारे उलगडले होते. आमच्याकडे जुन्या मालकांची एक हौस होती: फाटकाच्या दोन्ही बाजूंना दोन जुळी घरे, एकमेकांकडे तोंड करून. नकाशा एकाच घराचा काढायचा आणि गवंड्याला सांगायचे, दुसरे असेच, उलटे. ही दोन घरे उत्तर फाटकासाठीच घडवली होती! उजवे उजवीकडे उभे राहिले. डावे मात्र राहू शकले नाही, कारण उत्तर फाटकाच्या डावीकडची जमीन त्या काळी चर्चच्या मालकीची होती आणि आजही तिथे चर्चचेच कुरण आहे. घडवलेला दगड वाया कोण घालवील? डावे घर उचलून दक्षिणेला नेले आणि तिथे उजवीकडे उभे केले. म्हणून त्याची खिडकी भलतीकडे पाहते. ती रस्त्याकडे पाहत नव्हती. ती आपल्या जुळ्या बहिणीकडे पाहायला घडवलेली होती. उजवीकडे कधीच रस्ता नव्हता. स्वयंपाकघर वाचले!

हा आनंद घरी पोहोचेपर्यंतही टिकला नाही. गावच्या पुलावर माझे पाय आपोआप थांबले. समजा, दक्षिण फाटकाचा रस्ता खरोखरच घराच्या उजवीकडून होता. मग शहाणा स्थपती काय करील? उत्तरेचाच नकाशा उलटा करून देईल. म्हणजे घर उलटे आहे याचा अर्थ रस्ता नव्हता असा जितका होतो, तितकाच तो होता असाही होतो. माझ्या हातात आलेला सर्वांत भक्कम पुरावा दोन्ही बाजूंना सारख्याच निष्ठेने साक्ष देत होता. मी कठड्याला धरून बराच वेळ पाण्याकडे बघत राहिलो, आणि प्रवाह कोणत्या दिशेने वाहतो आहे हेही मला त्या घटकेला शपथेवर सांगता आले नसते.

परिषदेच्या अधिकारी पाहणीला आल्या तो दिवस स्वच्छ उन्हाचा होता. मिस बेथन प्रॉसर, वेल्सच्या सीमेवरच्या, तिशीच्या, चिखलाचे बूट घालून आलेल्या. केनवर्दी आधीच हजर होते. मिस टॅपसेल यांनी रविवारची टोपी घातली होती आणि सर्वांना बैठकीच्या खोलीत, तिमुखी खिडकीपाशी बसवले होते. ती खोली मी मोजायला उघडून घेतली होती, पण तिथे बसलो मात्र पहिल्यांदाच. खुर्च्यांना मेणाचा वास होता आणि त्यांच्या पाठी इतक्या ताठ होत्या की आमचे बोलणेही ताठ झाले.

मी माझे निष्कर्ष मांडले; म्हणजे उत्तर फाटक, जुळी घरे, पालथा कागद. केनवर्दी पुढे सरसावले.

"पण मिस्टर पेनफोल्ड, नकाशा मुद्दामच उलटा केला असेल तर? रस्ता या बाजूला होता म्हणूनच?"

"शक्य आहे," मी म्हणालो.

"शक्य आहे की तसंच आहे?"

"शक्य आहे. आणि नाही हेही तितकंच शक्य आहे."

"अहो, तुम्ही नक्की कुणाकडून बोलताय?"

"ते मला कळलं असतं तर मी कधीच बोलणं संपवलं असतं."

मिस प्रॉसर हसल्या, पण त्यांची पेन्सिल चालली नाही. त्यांनी मिस टॅपसेल यांच्याकडे खुर्ची वळवली.

"मला एक सांगा, आजी. गाडी आली हे तुमच्या घरच्यांना कळायचं कसं? म्हणजे फाटक वेळेवर उघडायला?"

"दिसायची की."

"या खिडकीतून?"

मिस टॅपसेल यांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू त्यांनी चर्चमध्ये शिट्टी मारली.

"बाई गं, ही बैठकीची खोली आहे! इथं कोण बसणार? पाद्री आले तर, नाहीतर घरात कुणी गेलं तर. बाप माझा इथंच पेटीत होता दोन दिवस. रोजच्याला नाही हो बसायचं इथं."

"मग बसायचं कुठं?"

"कोठीत. सगळे कोठीतच बसायचे. आई वाटाणे सोलायची, मी तिच्यामागं. तिथं भोक आहे ना भिंतीला, त्यातून बघायचं. गाडी दिसली की पळायचं. मी स्वतः किती वेळा पळलेय! एकदा तर बिशपच्या मोटारीला वाटाण्यांची परात घेऊनच गेले."

आम्ही चौघेही कोठीत गेलो. तिथे चौघे मावत नाहीत, त्यामुळे केनवर्दींना हॅम टांगायच्या आकड्याखाली वाकून उभे राहावे लागले. गाडीरस्त्याकडच्या भिंतीत, बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर, वीतभर उंचीची एक फट होती; मोजताना ती मी पडलेल्या दगडाची जागा समजून सोडून दिली होती. तिच्या कडा ओबडधोबड होत्या. घडवणाऱ्या गवंड्याचे ते काम नव्हते, घरात राहणाऱ्याने छिन्नीने पाडलेली ती वाट होती. खालचा दगड मात्र मधोमध खोलगट झाला होता, गुळगुळीत, कोपरे टेकून टेकून.

"कोपरांनी इतकं झिजायला किती काळ लागेल?" मिस प्रॉसर यांनी विचारले.

"खूप. पण मी याच्यावरही शपथ घेणार नाही," मी म्हणालो. "रस्ता मुळात उजवीकडे असेल आणि लवकरच इकडे वळवला असेल, तरी हा दगड एवढा झिजेलच."

केनवर्दींनी आकड्याखालून कृतज्ञतेने माझ्याकडे पाहिले. मिस टॅपसेल यांनी दुसऱ्या तऱ्हेने.

"अरे, तू कुणाच्या बाजूनं आहेस रे?" त्या पुटपुटल्या.

"हे बघा," मिस प्रॉसर म्हणाल्या, "रस्ता नव्हता हे मला कुणी सिद्ध करून द्यायची गरज नाही. रस्ता होता, हे मिस्टर केनवर्दींनी दाखवायचं आहे. दगड दोन्हीकडून बोलतायत, माती काहीच बोलत नाही. दुसरं काही आहे? कुणी पाहिल्याचं, कुणी सांगितल्याचं?"

केनवर्दींना लग्नाच्या गाडीची कथा माहीत होती. गावात येऊन त्यांना पुरते वर्ष झाले होते. ते काही बोलले नाहीत, एवढे मी त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो. त्यांनी फक्त मिस टॅपसेल यांच्याकडे पाहिले आणि मग नजर खाली घेतली.

"माझ्या आजीनं," मिस टॅपसेल म्हणाल्या आणि थांबल्या.

"हो, तुमच्या आजीनं?" मिस प्रॉसर यांनी पेन्सिल उचलली.

त्या वेळी मी जे केले त्याचा हेतू मला अजून पुरता उमगलेला नाही. त्यांना वाचवायला मी बोललो, की एक विसंगती दिसली आणि माझ्याने गप्प राहवले नाही?

"मिस टॅपसेल," मी विचारले, "लेडी ऑगस्टा आली तेव्हा तुमची आजी तान्ह्याला घेऊन बैठकीच्या खोलीत बसली होती ना? मग फाटक कोणी उघडलं?"

"आजोबानं."

"तुम्हीच मला पूर्वी सांगितलंत, तुमचे आजोबा त्या वर्षी पाय मोडून लडलोच्या इस्पितळात होते. त्या साली फाटक आजीच सांभाळायची."

"हो. तीच सांभाळायची." त्या भिंतीकडे बघत राहिल्या. "मग तिनंच उघडलं असेल."

"तान्ह्याला मांडीवर घेऊन, खिडकीत बसून?"

चौऱ्याऐंशी वर्षे ती गोष्ट त्यांच्याजवळ होती आणि हा प्रश्न तिच्या आसपासही कधी फिरकला नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्याच घरात एखादे दार उघडावे आणि समोर भलतीच खोली निघावी, तसे त्यांचे झाले होते.

"लिहू का मी काही?" मिस प्रॉसर यांनी हलकेच विचारले. "तुमच्या आजीनं काय सांगितलं ते? तुम्ही म्हणाल तर लिहीन. नाही म्हणाल तर नाही."

बाहेर गाडीरस्त्यावरून कोणाचा तरी ट्रॅक्टर गेला. त्याची सावली फटीतून आत येऊन आमच्या छातीवरून सरकली. मिस टॅपसेल यांनी नकळत उठायचा पवित्रा घेतला, फाटक उघडायला. मग ते कधीपासून उघडेच असते हे आठवून त्या परत भिंतीला टेकल्या.

"लिही," त्या म्हणाल्या. "लिही की, हेस्टर टॅपसेल या कोठीत बसायची. तिची आई बसायची. गाड्या इकडून यायच्या. हे मी बघितलंय."

"आणि तुमच्या आजीचं?"

"आजीच्या वेळी मी नव्हते. जे बघितलं नाही त्यावर मी सही करत नाही."

मिस प्रॉसर यांनी तेवढेच लिहिले आणि वही मिटली. परवानगी देता येणार नाही, हे त्यांनी तिथेच तोंडी सांगितले. केनवर्दींनी आकड्याखालून बाहेर येत डोके चोळले.

"बायकोला काय सांगू आता? की घर पाठमोरंच राहणार?"

"सांगा, बसायला या एकदा," मिस टॅपसेल म्हणाल्या. "बैठकीच्या खोलीतच बसवते. उघडलीच आहे तर."

ते हसले, टोपीला हात लावून निघाले. मिस प्रॉसरही गेल्या. मी मोजपट्टी गुंडाळत होतो, आणि अपेक्षा करत होतो की आता आभार मिळतील किंवा निदान केक. स्वयंपाकघरात मिस टॅपसेल नळाखाली किटली धरून उभ्या होत्या. किटली भरून वाहू लागली तरी त्यांनी नळ बंद केला नाही.

"ऑब्री, ती खोटं बोलली का रे?"

"कोण?"

"वेड पांघरू नकोस."

मी विचार केला. सूर्य कोणत्या बाजूला असेल, बैठकीच्या खोलीच्या काचेत गाडीरस्त्यावरच्या गाडीचे प्रतिबिंब पडू शकेल का, घोडे बुजून एखादी गाडी गवतावर उतरली असेल का. फाटक आधीच उघडे ठेवून आजी आत धावली असेल. लग्नाच्या दिवशी फाटक उघडे ठेवत असतीलही. प्रत्येक शक्यता मी क्रमाने, तिच्या गुणदोषांसह त्यांच्यापुढे मांडली.

"पुरे," त्या म्हणाल्या. "यातलं तुला खरं काय वाटतं?"

"मला माहीत नाही, मिस टॅपसेल."

"एवढं मोजून?"

"एवढं मोजून."

त्यांनी नळ बंद केला आणि किटलीतले जास्तीचे पाणी ओतून टाकले.

"लेडी ऑगस्टा हसली होती, हे तरी?"

घराच्या भिंती मला पाठ होत्या, खांबांचा चुना मी चाखून पाहिला होता, आणि या एका हसण्याला लावायला माझ्याजवळ कुठलेच माप नव्हते.

"हसली असेल," मी म्हणालो.

"असेल," मिस टॅपसेल म्हणाल्या, आणि त्यांनी चुलीवर किटली ठेवली.